गुरनुलेभाऊंचा पुरा पत्ता

गुरनुलेभाऊंना स्टेपलर हवा असला की ते असा मागतात : "मॅडम, तुमच्या टेबलाच्या उजव्या हाताले जो लाकडी रॅक आहे, त्याच्या मधल्या फळीवर, कापसाच्या बंडलाच्या बाजूले, निळा स्टेपलर आहे. तेवढा द्या."

स्टेपलर मला दिसत असतो. त्यांनाही दिसत असतो. दवाखान्यात स्टेपलर एकच आहे आणि खोलीत बहुतेक वेळा आम्ही दोघंच. तरी हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय तो देता येत नाही, कारण मध्येच उचलून दिला तर ते घेत नाहीत. "पुरं आयकलंच नाई तुमी. उद्या दुसरा स्टेपलर आला तर?"

सहा वर्षं झाली. दुसरा स्टेपलर अजून आलेला नाही.

मी या दवाखान्यात औषधं देते. मूळची चंद्रपूरची, म्हणजे उन्हाने आणि कोळशाच्या धुळीने स्वभाव थोडा तापट झालेला. आमचा दवाखाना एका संस्थेचा आहे, आलापल्लीच्या पुढे, दोन्ही बाजूंनी सागवान लागतं त्या रस्त्यावर. इमारत नावापुरती. खरा दवाखाना म्हणजे एक गाडी, जी रोज एका गावाला जाते. गाडी सलीमभाई चालवतात, डॉक्टर तपासतात, गोळ्या मी देते. आणि ज्या गावाला जायचं, तिथल्या लोकांना सकाळी सहा वाजता मोबाइलवर मेसेज पाठवायचं काम गुरनुलेभाऊंच्या कॉम्प्युटरचं. आदल्या दिवशी सांगून उपयोग नसतो. लोक ते विसरून उजाडताच जंगलात मोहफुलं वेचायला निघून जातात, आणि आम्ही झाडाखाली गाडी लावून एकमेकांचं ब्लडप्रेशर मोजत बसतो.

पेशंट मला बाई म्हणतात, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. सलीमभाई दीदी म्हणतात. गुरनुलेभाऊ वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणतात. मी त्यांना भाऊ म्हणते ते सगळे म्हणतात म्हणून. बारीक अंगाचा, पांढऱ्या शर्टाचा, खिशात दोन पेनं लावणारा माणूस. आधी नागभीडला स्टेशनजवळ त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टायपिंग बुडत चाललं, कॉम्प्युटर आलं, भाऊ क्लास चालू असतानाच कॉम्प्युटर शिकले आणि मग इकडे आले. आम्ही सगळे आलापल्लीहून साडेआठला येतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुक्कामाला ते एकटेच.

पत्त्याचं त्यांचं वेड स्टेपलरवर थांबत नाही. फोन उचलला आणि पलीकडून कोणी "मी बोलून राह्यलो" म्हणालं, की हे म्हणतात, "मी कोण? कुठचे? पुरा पत्ता सांगा." "इथीच आहो" असं कोणी सांगितलं तर त्यांचा रक्तदाब वाढतो. "इथीच म्हंजे कुठी? अर्धा पत्ता म्हंजे चुकीचा पत्ता." स्टेपलरच्या पोटावर पांढऱ्या पट्टीवर लिहिलेलं आहे : स्टेपलर, टेबल क्रमांक दोन, औषध खोली, दवाखाना, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा गडचिरोली. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सलीमभाई म्हणाले होते, "दीदी, ये स्टेपलर नाई, याचं तर आधार कार्डच आहे."

डब्याच्या झाकणावर पत्ता. छत्रीच्या दांड्यावर पत्ता. आणि चपलेच्या तळव्यावर पत्ता, काळ्या ऑइल पेंटमध्ये. त्यावरून मी पुष्कळ बोलले होते. मग एका शिवरात्रीला भाऊ मार्कंड्याच्या जत्रेला गेले आणि देवळाबाहेरून त्यांची एक चप्पल गेली. एकच. कुत्र्याने नेली असणार. भाऊ उरलेली चप्पल पिशवीत घालून अनवाणी परत आले. नवव्या दिवशी आलापल्लीच्या एसटी स्टँडवरून निरोप आला, की तुमच्या नावाची एक चप्पल कंडक्टरकडे जमा आहे, घेऊन जा. कोणाच्या तरी वावरात सापडली, त्याने तळवा वाचला आणि गाडीवाल्याच्या हाती दिली. त्यानंतर महिनाभर भाऊ चालताना जरा पाय उचलून टाकत होते, आम्हाला तळवा दिसावा म्हणून.

त्यांचे मेसेजही तसेच. "आज दवाखान्याची गाडी येणार" एवढं पुरे. पण भाऊंच्या मेसेजमध्ये गाव, तालुका, समाजमंदिर, समाजमंदिरासमोरचं मोहाचं झाड, झाडाची कोणती बाजू आणि गाडीचा रंग, इतकं सगळं असतं. मेसेज तीन तुकड्यांत पोचतो. डॉक्टर एकदा चिडून म्हणाले, "गुरनुले, त्या गावाला दुसरं मोहाचं झाड आहे का?" भाऊ म्हणाले, "साहेब, जंगलात मोहाची झाडं कमी आहेत का?"

हे मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट भाऊंनी स्वतः लिहिलेली. स्क्रिप्ट म्हणजे काय हे त्यांनी मला समजावलं होतं ते असं : "स्क्रिप्ट म्हंजे गावचा पाटील समजा. तो कागद पाहते, आज कोन्तं गाव आहे ते ठरवते. पण पाटील सोता रस्त्यावर ओरडत जाते का? नाई. तो कोतवालाले हाक मारते. कोतवाल येऊन दवंडी देते. तसा मेसेज धाडनारा प्रोग्राम वेगळा आहे. तो स्क्रिप्टच्या बाहेर राहते. त्याचं नाव मी दवंडीच ठेवलं." मला हे चटकन समजलं. त्यांच्या तोंडून काही चटकन समजण्याचा तो एकमेव प्रसंग.

तर हा पाटील आणि हा कोतवाल सहा वर्षं गुण्यागोविंदाने नांदले. मग पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर ओल येऊन गेला, संस्थेने नवा पाठवला, भाऊंनी सगळं त्यात भरलं आणि भानगड सुरू झाली. भाऊंनी स्वतः बटण दाबून स्क्रिप्ट चालवली की मेसेज जात. सहा वाजताची वेळ लावून ठेवली, की सहाला कॉम्प्युटर ती चालवे, गाव बरोबर काढे, यादी बरोबर काढे, आणि दवंडीला हाक मारायची वेळ आली की अडे. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येई : कमांड सापडत नाही.

"मी समोर असलो का सापडते," भाऊ म्हणाले. "मी नसलो का नाई सापडत. काऊन?"

तीन आठवडे ते त्याच्या मागे होते. सिम बदललं, वायर बदलली, दवंडीचा प्रोग्राम पुसून पुन्हा टाकला. दवंडीला काम करायची परवानगी आहे की नाही ते तपासलं, होती. सलीमभाईंनी त्यांच्या परीने मॉनिटरला लिंबूमिरची बांधली. भाऊंनी ती सोडली नाही, फक्त एका मिरचीचं टोक पडद्यावर येत होतं ते वर सरकवलं. आणि रोज सहाला ते उठत, मागच्या खोलीतून येत आणि स्वतःच्या हाताने बटण दाबत.

"मग दाबा रोज," मी म्हणाले. "काय बिघडलं?"

"अन् मी नसलो तर?"

हा प्रश्न उगाच नव्हता. भाऊंना हर्निया होता. गडचिरोलीच्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि भाऊंनी ती एकदा पुढे ढकलली होती. आठवडाभर तिकडे राहावं लागणार, मग इथे सहाला बटण कोण दाबणार? डॉक्टर ओरडले, मी ओरडले. भाऊंचं एकच. "स्क्रिप्ट एकटी चालाले लागली का जातो." उठताना पोटाला हात लावून उठायचे, आणि आपल्याला कोणी बघत नाही असं समजायचे. मला राग यायचा. अशा वेळी मला काळजीऐवजी रागच येतो.

मग एका मंगळवारी पहाटे भाऊंना उठताच आलं नाही. आम्ही साडेआठला पोचलो तेव्हा ते खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पंधरा-वीस मिनिटांनी त्यांना बोलता आलं, आणि पहिलं वाक्य निघालं, "मेसेज गेले नाई." आम्ही गाडी काढून ठरलेल्या गावी गेलो. दोन वाजेपर्यंत मोहाच्या झाडाखाली बसलो. तीन पेशंट आले, तेही रस्त्यालगतचे.

त्याच गावाच्या नाल्यापलीकडे टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, जंगुबाई राहते. तिच्या मुलीला सिकलसेल आहे. गोळ्या रोज घ्याव्या लागतात, आणि आमची गाडी त्या गावाला पंधरा दिवसांतून एकदाच जाते. शुक्रवारी जंगुबाई स्वतःच दवाखान्यात आली. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मध्ये मुलगी, मागे ही तिला धरून. मुलीचे हातपाय इतके दुखत होते की तिला उचलूनच आत घ्यावं लागलं.

"गोळ्या सरल्या, बाई," जंगुबाई म्हणाली. "मेसेजची वाट पाह्यली. मेसेज नाई आला, म्हून नाई आली." आणि तिने कमरेचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही. मेसेज आला की शेजारचा मुलगा वाचून दाखवतो. पण तिने तो असा धरला होता, की बघ, मी खोटं बोलत नाही.

भाऊ दारात उभे होते. मुलगी दोन दिवस आमच्याकडे राहिली, सलाइन लागलं, तिसऱ्या दिवशी हसून घरी गेली. भाऊंनी त्या दोन दिवसांत मला एकदाही स्टेपलर मागितला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी सांगून टाकलं, की पुढची तारीख येत्या गुरुवारची आहे, स्क्रिप्ट चालो न चालो, गुरनुले जाणार. एकदा हर्निया अडकला तर मी इथे काही करू शकणार नाही, असंही त्यांनी बजावलं. भाऊंनी मान डोलावली. दुपारी ते माझ्या टेबलापाशी कागदांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांनी अख्खी स्क्रिप्ट छापून काढली होती.

"मॅडम, तुमी वाचा. मी पडद्यावर पाहतो. पुरं वाचा, टिंबसुद्धा."

टायपिंग क्लासची ही पद्धत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पट्टी धरून ओळ ओळ ताडून बघायची. डोळे आपली चूक बघत नाहीत, कान ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. गावांची यादी कुठे आहे याची ओळ आली, ती तिरप्या रेघा घालून लांबलचक पत्ता होता : घर, मग वामन म्हणजे खुद्द भाऊ, मग दवाखाना, मग गावं, मग यादी. मी हसले. नोंदवही कुठे ठेवायची, तिचाही तसाच पत्ता. तारीख कुठून बघायची, त्याचाही. बाहेरच्या ज्या ज्या वस्तूला स्क्रिप्टने हात लावायचा, तिचा तालुका-जिल्ह्यासकट पत्ता दिलेला. खास भाऊंची स्क्रिप्ट.

मग मी वाचलं, "दवंडी."

"हाव. पुढं?"

"पुढे मेसेज आणि नंबर."

"मांगं वाचा. दवंडीच्या आंधी काय आहे?"

"काही नाही."

"पुरं वाचा ना, मॅडम."

"पुरंच वाचलं. नुसतं दवंडी लिहिलंय." आणि सहा वर्षं दाबून ठेवलेलं माझ्या तोंडातून निघालंच. "दवंडी म्हणजे कुठची दवंडी, भाऊ? पुरा पत्ता सांगा!"

मी माझ्याच विनोदावर मोठ्याने हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पट्टी खाली ठेवली, माझ्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ बोट ठेवून पाहिली. मग चष्मा काढला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जुन्या कॉम्प्युटरले मी पह्यलेच सांगून ठेवलं होतं, का दवंडी कुठी राहते. नव्यात ते फक्त मी असलो का माहीत असते, माया नावानं ठेवलं म्हून. सहाच्या टायमाले मी नसतो. मंग तो दोन-चार ठरलेल्या जागी पाहते. तिथी दवंडी नाई. कोतवालाच्या गावात उभं राहून कोतवाल म्हनलं तर येईन. परगावात जाऊन ओरडलं तर कोन येईन?"

"पण भाऊ, तुम्ही? चपलेवर पत्ता लिहिणारे तुम्ही, आणि इथे विसरलात?"

"ही ओळ जुनी आहे, मॅडम. क्लासच्या टायमाची. पोराईले परीक्षेची वेळ कळवाले लिवली होती. बाकीच्या ओळी इथी आल्यावर लिवल्या. ही तशीच राह्यली." त्यांनी त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. "ही बाप हरपला त्याच्या आंधीची. तवा मी पन अर्धेच पत्ते लिवत होतो."

मग त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीचाच, स्टेपलर मागतानाचा. त्यांच्या वडिलांना विसर पडायला लागला होता. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून भाऊ त्यांना क्लासमध्ये घेऊन येत आणि बाकावर बसवत. एके दिवशी परीक्षा चालू होती, सगळी मशीनं एकदम वाजत होती, भाऊंचं लक्ष नव्हतं. वडील उठून स्टेशनवर गेले. तिथे लोकांनी विचारलं, बाबा, कुठचे? ते म्हणाले, मांगली. ते बरोबरच होतं, त्यांचं गाव मांगलीच. पण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मांगली नावाची गावं किती, ते तिथल्या पोस्टमनलाच विचारा. कोणीतरी भल्या माणसाने त्यांना वरोऱ्याकडच्या मांगलीच्या गाडीत बसवून दिलं, पदरचं तिकीट काढून.

"सहा दिवसांनी सापडला. चांगल्या लोकाईच्या घरी होता, मॅडम. जेवू घालत होते, अंगावर घ्याले दिलं होतं. ते रोज विचारत, बाबा, घरी कोन आहे? तो म्हने, माया वामन आहे. वामन येते ना आता. कोन वामन? कुठचा? तर म्हने, वामन." भाऊंनी चष्मा पुसला. "नाव बरोबर घेऊन राह्यला होता. सहा दिवस हाका मारल्या त्यानं मले. मी तिथी नव्हतो."

मी गोळ्यांच्या पट्ट्या सरळ करत राहिले.

"मंग दोन वर्षं होता. मी पानी प्याले उठलो तरी माया शर्ट धरे. मी मार्किंगची शाई आनली अन् त्याच्या समद्या कपड्याईवर आतून पुरा पत्ता लिवला. धोतरावर, टोपीत, सगळ्याईवर. पुन्हा कुठी गेला नाई तो. मंग मेला." भाऊंनी कागद नीट चौकोनी केले. "शाई उरली होती. म्हून छत्रीवर लिवलं. ते सरली तवा पेंट आनला."

त्यांनी ती ओळ दुरुस्त केली. दवंडीच्या आधी सगळा पत्ता घातला. मग सलीमभाईंचा एकट्याचा नंबर यादीत ठेवला, तीन वाजून दहा मिनिटांची वेळ लावली आणि उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. "मी समोर नाई पाह्यजे," म्हणाले. मी आत कॉम्प्युटरकडे बघत बसले. तीन दहाला पडदा हलला, बाहेर गाडी पुसत असलेल्या सलीमभाईंचा फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. तीन तुकडे.

"भाऊ!" सलीमभाई ओरडले. "झाडाची पूर्व बाजू म्हनते! आ गया!"

दुसऱ्या दिवशी सहाला भाऊ मुद्दाम उठले नाहीत. अकरा वाजता आम्ही पोचलो तेव्हा झाडाखाली, पूर्व बाजूला, पन्नासेक माणसं बसली होती.

आता ऑपरेशनला न जाण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरी बुधवारी दुपारपर्यंत भाऊंची पिशवी भरलेली दिसेना. मी विचारलं की, "पाहतो," एवढंच. मला पुन्हा राग यायला लागला. चारच्या सुमाराला ते काही कागद घेऊन आले.

"मॅडम, तुमच्या टेबलाच्या उजव्या हाताले जो लाकडी रॅक आहे, त्याच्या मधल्या फळीवर..."

मी पुरं ऐकलं आणि स्टेपलर दिला. कागद ऑपरेशनच्या फॉर्मचे होते. वर भाऊंचं नाव आणि पत्ता, सात ओळी, समासात शिरलेला. खाली रकाना होता : सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे नाव, नाते व संपूर्ण पत्ता. तो कोरा होता.

"हे राहिलं," मी म्हणाले.

"राहू द्या. लिवासारखं नाई तिथी कोनी." मग स्टेपलर फळीवर परत ठेवत, "मांगच्या वेळेसही त्याईनं हेच विचारलं होतं. नाव पाह्यजेच म्हने."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तारीख पहिल्यांदा पुढे का गेली. स्क्रिप्ट खरंच बिघडली होती, खोटं काही नव्हतं. पण तिच्या आडून हा माणूस महिनाभर या कोऱ्या रकान्यासमोर बसला होता, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

मी त्यांच्या खिशातलं एक पेन काढून घेतलं. त्यांना विचारलं नाही. रकान्यात माझं नाव लिहिलं. 'नाते' यापुढे जरा थांबले, मग 'बहीण' लिहिलं. घर क्रमांक, गल्ली, पाण्याच्या टाकीमागे, आलापल्ली, तालुका, जिल्हा. आयुष्यात मी इतका लांब पत्ता लिहिला नव्हता. "उद्या सकाळच्या गाडीने निघायचंय," मी जरा जोरातच म्हणाले. "मी सोबत येतेय. डॉक्टरांना सांगते."

भाऊंनी कागद घेतला. पट्टी शोधली, ती ओळीखाली धरली आणि टायपिंग क्लासमध्ये वाचतात तसं हळू आवाजात अक्षर न अक्षर वाचलं. नात्यापाशी पट्टी बराच वेळ थांबली. मग पुढे सरकली, शेवटपर्यंत गेली.

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि रकान्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"पिन कोड राह्यला, बाई."